मृगाच्या आत कोपनहेगन

"जुलैत? येडी झालीस काय गो?"

बाबांचं हे पहिलं वाक्य, आणि त्या दिवसापुरतं शेवटचंही. त्यानंतर त्यांनी पेपर उघडला. आमच्या घरात पेपर उघडला की विषय बंद, हे दासगावातल्या मांजरालाही माहीत आहे.

झालं होतं असं, की आमच्या ऑफिसच्या गँगने जानेवारीत फतवा काढला: या वर्षी गोवा नाही, बँकॉक नाही, दुबई तर नाहीच नाही. या वर्षी स्कॅन्डिनेव्हिया! पाच-सहा दिवस, एकच शहर, पळापळ नाही, 'सात दिवसांत अकरा देश' वाली बस नाही. चालायचं, बघायचं, कॉफी प्यायची आणि परत यायचं. याला म्हणतात सिटी व्हेकेशन. नवरोबा लगेच तयार. आणि मला वाटलं, आई-बाबांनाही न्यावं. रिटायर होऊन बाबांना चार वर्षं झाली. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली, लोकांना कुठून कुठे पोचवलं, पण स्वतः पंढरपूर आणि तुळजापूरच्या पुढे गेले नाहीत.

गँगची तारीख होती 12 जुलै. मी दासगावला जाऊन जाहीर केलं, आणि वर लिहिलंय ते उत्तर मिळालं.

तर मंडळी, आजचा कॉलम आहे स्कॅन्डिनेव्हियन राजधानीत सुट्टी कशी प्लॅन करायची यावर. पण खरं सांगू? आमच्या प्लॅनिंगमध्ये शहर ठरायला एक संध्याकाळ लागली. तारीख ठरायला पंधरा दिवस गेले.

आधी शहर

स्कॅन्डिनेव्हिया म्हणजे तसं बघितलं तर तीनच देश: डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे. फिनलंड आणि आइसलंडला त्यांच्या पंगतीत बसवतात, पण ते शेजारी. म्हणजे राजधान्या तीन, आणि तिघींचा स्वभाव वेगळा.

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलंय. तिथलं 'वासा' जहाज ऐकून बाबांनी पेपर थोडा खाली केला. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत, बंदरातून जेमतेम बाहेर पडताच बुडालेलं जहाज 1961 मध्ये वर काढलं आणि आज त्याचं अख्खं म्युझियम आहे. ऑस्लोला फ्योर्डच्या काठावर ऑपेरा हाउस आहे, ज्याच्या उतरत्या छपरावर लोक सरळ चालत जातात. निसर्ग हवा असेल तर ऑस्लोसारखं शहर नाही, पण खिसाही तसाच लागतो.

आम्ही कोपनहेगन घेतलं. कारणं एकदम प्रॅक्टिकल. एक, शहर सपाट आहे. आईचे गुडघे बघता हा मुद्दा पहिला. दोन, एअरपोर्टवरून मेट्रो पकडली की पंधरा मिनिटांच्या आत तुम्ही शहराच्या मधोमध. (वीर स्टेशनवर उतरून दासगावला यायला रिक्षाची वाट बघण्यात याहून जास्त वेळ जातो!) तीन, बघायच्या बहुतेक जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि चार, तिथून एका तासाच्या आत ट्रेनने दुसरा देश पण बघता येतो. 2000 मध्ये ऑरेसुंडवरचा पूल झाला, तेव्हापासून स्वीडनमधलं माल्मो म्हणजे जवळजवळ उपनगर.

बाबांना चौथ्या मुद्द्यापेक्षा मेट्रो जास्त आवडली. 2002 पासून ती विनाड्रायव्हर धावते, चोवीस तास.

"ड्रायव्हर नाही. कंडक्टर?"

"तोही नाही. तिकीट आधीच काढायचं. कधीमधी तपासनीस येतो आणि नसेल तर जबरी दंड."

"मग सुट्ट्या पैशांवरून भांडायचं कोणाशी?" असं म्हणून बाबा कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. मला वाटलं, झालं काम! पण नाही. जुलै म्हटलं की पेपर परत वर.

तारखेचं टेन्शन

कुठलीही ट्रॅव्हल साइट उघडा, सांगतात की कोपनहेगनला जायचं तर जून ते ऑगस्ट. बरोबरच आहे. जूनअखेर तिथे सूर्य पहाटे साडेचारच्या सुमाराला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. हवा वीस-बावीस डिग्री. लोक ऑफिस सुटलं की बंदराच्या पाण्यात उड्या मारतात. उलट डिसेंबरात सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी पावणेचारच्या आत अंधार. ख्रिसमस मार्केट आणि मेणबत्त्या छान दिसतात, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यातही आई-वडिलांना घेऊन, तेव्हा जाऊ नये.

म्हणजे त्यांचा सीझन नेमका आपल्या पावसाळ्यात. मुंबई-पुण्यातल्या लोकांना हे मस्तच वाटतं. इकडे चिखल आणि ट्रॅफिक, तिकडे ऊन. आमच्या गँगलाही तसंच वाटलं.

पण माझं घर दासगावचं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबई-गोवा हायवेवर महाडच्या अलीकडे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सावित्रीची खाडी, या चिंचोळ्या पट्टीत आमचं गाव. 2005 च्या जुलैअखेर ज्या पावसाने 26 तारखेला मुंबईत 944 मिलिमीटरचा रेकॉर्ड केला, त्याच पावसात आमच्याकडे डोंगर खाली आला. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. मी तेव्हा चौथीत होते. आमचं घर वाचलं. ज्यांची नाही वाचली, त्यांतली काही माणसं आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेली होती.

त्या वर्षापासून बाबा पावसाळ्यात गाव सोडून रात्री कुठे राहिलेले नाहीत. ड्यूटीवर असतानाही शक्य असेल तेव्हा मुक्कामाची गाडी टाळायचे. रात्री पाऊस वाढला की उठून बसतात. टॉर्च घेऊन मागे जातात, ओहोळाचं पाणी बघतात. पाणी गढूळ झालं, किंवा पाऊस चालू असताना एकदम कमी झालं, की वर काहीतरी अडलंय किंवा सरकलंय असं समजायचं. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मला आधी राग आला, कबूल करते. म्हटलं, बाबा, तुम्ही इथे बसून डोंगर थोडाच थांबणार आहे? पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे! ते काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, "बाय, तू एकवीसच्या जुलैत कशी होतीस ते आठव."

2021 च्या 22 जुलैला महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. मी पुण्यात होते. दोन दिवस घरचा फोन लागत नव्हता. मी तेव्हा किती वेळा नंबर फिरवला, कोणाकोणाला मेसेज केले आणि लॅपटॉपवर काय काम केलं, यातलं मला आज काहीही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तिसऱ्या दिवशी बाबांचा आवाज आला आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

आता 12 जुलैला मी कोपनहेगनच्या एखाद्या कॅफेत बसलेय आणि फोनवर 'रायगडला रेड अलर्ट' असं झळकलंय, हे डोळ्यांसमोर आणून बघितलं. कॉफी घशाखाली उतरली नसती. म्हणजे प्रश्न फक्त बाबांचा नव्हता.

गँगला सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. दोन दिवस अबोला, मग स्मायली. चालायचंच.

मेचा फंडा

मग शोधाशोध केल्यावर लक्षात आलं की मे महिना हा कोपनहेगनचा दडवून ठेवलेला खजिना आहे. मेच्या मध्याला सूर्य पहाटे पाचच्या आत उगवतो आणि रात्री नवाच्या पुढे मावळतो, म्हणजे उजेडाला तोटा नाही. झाडांना नवी पालवी, बागांत ट्यूलिप. दुपारचं तापमान पंधरा-सोळाच्या आसपास, म्हणजे आपल्याला स्वेटर आणि वाऱ्यासाठी जाकीट हवंच. टिवोलीची बाग उघडलेली असते. आणि शाळांच्या सुट्ट्या लागलेल्या नसल्यामुळे जुलैइतकी गर्दी नसते.

एक काळजी घ्या. मे-जूनच्या सुरुवातीला तिथे असेन्शन डे, व्हिट मंडे आणि 5 जूनचा संविधान दिन असे सुट्टीचे दिवस येतात. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात. पहिल्या दोन सणांची तारीख दरवर्षी बदलते, कॅलेंडर बघूनच बुकिंग करा.

मी बाबांना विचारलं, "मेच्या दुसऱ्या आठवड्यात?"

बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "परत कधी?"

"वीसच्या आसपास."

"मृगाच्या आत घरी?"

"दोन आठवडे आधी."

"मग कौलं चाळून निघू," असं म्हणून त्यांनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. बस्स. दोन हफ्ते चाललेला वाद दोन मिनिटांत मिटला.

कागदपत्रांचं लग्न

व्हिसा हा शेंगेन. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे तिन्ही त्यात, एकाच स्टिकरवर सगळीकडे. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर अजिबात विसंबू नका. मेला जायचं असेल तर सगळं मुंबई त्याच वेळी युरोपला निघालेलं असतं, अपॉइंटमेंट फेब्रुवारीतच घ्या. जून 2024 पासून मोठ्या माणसाची फी 90 युरो आहे, शिवाय अर्ज केंद्राचे सेवा-पैसे वेगळे. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. प्रवास-विमा किमान 30,000 युरोचा. आई-वडील साठीच्या पुढे असतील तर विमा स्वस्तातला बघून उचलू नका, आधीपासूनच्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. बाबांचं बीपी आहे, आम्ही ते फॉर्मवर लिहिलं. चार पैसे जास्त गेले, पण रात्री झोप लागते.

आई-वडिलांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं साध्या भाषेत लिहिलेलं पत्र, तुमचं बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, आयटी रिटर्न, आणि नातं दाखवणारा कागद जोडा. इथे आमची गंमत झाली. माझ्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव एक, पासपोर्टवर स्पेलिंग दुसरं, आधारवर तिसरं. कोकणातल्या निम्म्या घरांत हेच असतं. नावाचं काम दोन महिने आधी करून टाका. आणि व्हिसाच्या माणसाला 'परत येणार' याची खात्री हवी असते. बाबांनी सातबारा पण जोडायला लावला. म्हणाले, "भात लावायचंय जुलैत. न येऊन जाऊ कुठं?" मला वाटतं, आमच्या फायलीतला सगळ्यात पक्का पुरावा तोच असावा.

अजून एक, एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी नियम जरा सैल झालाय. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढे दोन वर्षांचा मल्टिपल-एन्ट्री व्हिसा मिळू शकतो. म्हणजे पहिला कंटाळवाणा, पुढचे सोपे.

खिशाचा हिशोब

डेन्मार्कमध्ये युरो चालत नाही, डॅनिश क्रोन चालतो. हिशोब सोपा जावा म्हणून मी एक क्रोन म्हणजे 14 रुपये धरले. नोटा फारशा लागतच नाहीत, सगळीकडे कार्ड. तरी बाबांनी पाचशे क्रोन कनवटीला ठेवायचे ठरवलेत. कंडक्टर माणूस, रिकाम्या बॅगेने ड्यूटीवर जात नाही!

आमचं चौघांचं सहा रात्रींचं गणित असं आहे. विमान माणशी सत्तर हजार धरून 2 लाख 80 हजार. व्हिसा आणि सेवा-पैसे 45 हजार. विमा 8 हजार. स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट रात्रीला 18 हजार, म्हणजे 1 लाख 8 हजार. सिटी पास चौघांचे 50 हजार. किराणा आणि बाहेरचं खाणं 36 हजार. बेरीज सव्वापाच लाखांच्या थोडी वर. हा आमचा अंदाज, तुमचा तुम्ही करा. आमच्या दोघांच्या दोन वर्षांच्या बचतीतला मोठा तुकडा यात जातोय, आणि नवी गाडी पुढच्या वर्षावर गेली. नवरोबा म्हणाला, "गाडी दर वर्षी जुनी होते, सासरे पण." वाक्य चुकीचं होतं, भावना बरोबर होती.

सिटी पासबद्दल. 24, 48, 72 तास असे पास मिळतात. त्यात मेट्रो, बस, ट्रेन, बंदरातली बोट आणि ऐंशीहून जास्त ठिकाणांचा प्रवेश. पास सुरू केल्यापासून तास मोजतात, दिवस नाही. म्हणून पोचल्या दिवशी सुरू करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुरू करा, पाचव्या दिवशी सकाळी दहापर्यंत वापरा, पैसे देऊन बघायच्या सगळ्या जागा त्या तीन दिवसांत कोंबा, आणि फुकटच्या जागा बाकीच्या दिवसांत. ही आयडिया माझी नाही, बाबांची. त्यांनी कागदावर रकाने पाडून ड्यूटी चार्ट केलाय.

खाण्याचं म्हणाल तर नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. घेतलीच तर बाटलीवर जादा अनामत असते, दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकली की परत मिळते. व्हेज लोकांसाठी फलाफल हा स्वस्त आणि पोटभरीचा तारणहार. एकदा तरी टोर्वेहॅलर्न या बाजारात जाऊन स्मोरब्रोड खा, म्हणजे काळपट राय-ब्रेडवर नाना गोष्टी रचलेला उघडा सँडविच. मासे खाणाऱ्यांची चंगळ.

आणि आता ब्रेकिंग न्यूज. युरोपात नेताना दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात चालत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, तुपातले लाडू बाद! प्रमाणपत्राशिवाय आंबाही बाद, ऐन मेमध्ये. पण सुकी मासळी स्वतःपुरती नेता येते. हे वाचून दाखवल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते काय सांगू. सोडे जाणार आहेत. तीन पिशव्यांत गुंडाळून, तरीही माझा जीव धास्तावलेला.

पाच दिवसांचा चार्ट

पहिला दिवस: फक्त पोचायचं. संध्याकाळी न्यूहाउनला चक्कर, ती रंगीत घरांची रांग, जी सगळ्या फोटोंत दिसते. हान्स ख्रिश्चन अँडरसन याच कालव्यावर तीन वेगवेगळ्या घरांत राहिला होता. मग झोप.

दुसरा दिवस: स्ट्रॉयेट, म्हणजे 1962 पासून गाड्यांना बंद केलेला लांबलचक बाजाररस्ता. तिथून राउंड टॉवर. 1642 मध्ये पुरा झालेल्या या मनोऱ्याला वर जायला जिना नाही, गोल गोल चढत जाणारा उतार आहे. पायऱ्या फक्त अगदी शेवटी. गुडघेवाल्यांना वरदान. मग क्रिस्टियान्सबोर्गचा मनोरा, तिथे लिफ्ट आहे आणि प्रवेश फुकट. संध्याकाळी टिवोली. 1843 पासून चालू असलेली ही बाग 1951 मध्ये वॉल्ट डिस्ने बघून गेला होता. प्रवेश पासमध्ये, पाळण्यांचं तिकीट वेगळं.

तिसरा दिवस: पिवळी बोट. टुरिस्ट बोट नाही, बंदरातली सार्वजनिक बस-बोट, मेट्रोचंच तिकीट चालतं. पाण्यातून अख्खं शहर दिसतं. लिट्ल मर्मेडही याच दिवशी. 1913 चा पुतळा, उंची जेमतेम सव्वा मीटर. मोठी अपेक्षा ठेवून जाऊ नका, नमस्कार करून पुढे व्हा.

बोटीवरून बाबांना दासगावचं बंदर आठवलं. एके काळी बाणकोटकडून बोटी आत खाडीने आमच्यापर्यंत यायच्या. 25 डिसेंबर 1927 ला महाडच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सत्याग्रही मुंबईहून बोटीने येऊन दासगावलाच उतरले, आणि तिथून पायी महाडला गेले. सार्वजनिक तळ्यातलं पाणी सगळ्यांचं, एवढी साधी गोष्ट सांगायला. कोपनहेगनच्या बंदरातलं पाणी पूर्वी इतकं घाण होतं की कोणी पाय बुडवत नसे. ते साफ केलं आणि 2002 मध्ये इस्लान्स ब्रुगेला पहिलं पोहण्याचं ठिकाण उघडलं. कोणीही या, उडी मारा, तिकीट नाही. बाबा म्हणाले, "हे बघायचं." चार्टमध्ये खूण झाली.

चौथा दिवस: हेल्सिंगॉर. किनाऱ्याने ट्रेन पाऊण तास. तिथला क्रोनबोर्गचा किल्ला म्हणजे शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं घर. समोर दिसतो तो स्वीडन. 1857 पर्यंत या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्क इथे जकात घ्यायचा.

आणि पाचवा दिवस

पाचव्या दिवशी मी 'शॉपिंग' लिहिलं होतं. बाबांनी ते खोडलं.

कारण एका रात्री मी त्यांना वाचून दाखवलं होतं. 2 जुलै 2011 ला कोपनहेगनवर ढगफुटी झाली. दोन-तीन तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तळघरं भरली, रस्ते बुडाले, अब्जावधी क्रोनचं नुकसान.

"दीडशे?" बाबांनी चष्मा काढला. "दीडशे तर आमच्याकडं श्रावणात न्याहरीपर्यंत पडतो."

"हो, पण त्यांचं शहर तेवढ्यासाठी बांधलेलंच नव्हतं."

"मग काय केलं?"

मग केलं ते असं. 2012 मध्ये शहराने ढगफुटीचा आराखडा केला, तीनशेच्या आसपास लहान-मोठी कामं, वीस वर्षांत करायची. फक्त मोठी गटारं नाही. रस्ते असे उतरते करायचे की पाणी घरांत न जाता बागेत जाईल. बागा आणि चौक खोलगट करायचे. ऑस्टरब्रोमधला टोसिंगे प्लास नावाचा चौक, जिथे आधी बरंचसं डांबर आणि पार्किंग होतं, तिथे आता झाडी आहे, आणि पाऊस आला की पाणी आधी तिथे उतरतं. 2019 मध्ये नव्याने उघडलेल्या एंगहेवेपार्कनभोवती बांधासारखी बुटकी भिंत आहे. एरवी मुलं तिथे खेळतात. ढगफुटी झाली तर त्या बागेत 2 कोटी 26 लाख लीटर पाणी थांबतं. पैसा बराचसा लोकांच्या पाणीबिलातून.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाऊस किती पडतो ते विचारू नये. पाण्याला जायला वाट ठेवलीय का ते विचारावं."

आता मी काही इंजिनिअर नाही, आणि सपाट शहरातली बाग आमच्या डोंगराला उपयोगाची नाही, हे मलाही कळतं. पाणी तुंबणं वेगळं, डोंगर सुटणं वेगळं. आमच्या महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यांच्याकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. सावित्रीतला गाळ, उतारावरची वस्ती, पुनर्वसन, हे आमचे आमचेच प्रश्न. पण एका पावसानंतर एक शहर म्हणतं, हे परत होणार, आणि पुढच्या वर्षी कामाला लागतं, ते आपल्या डोळ्यांनी बघावं असं वाटणारा एक माणूस आमच्या घरात आहे. तो वीस वर्षं टॉर्च घेऊन ओहोळ बघतोय. त्याला मी लिट्ल मर्मेड दाखवायला नेत होते!

तेव्हा पाचवा दिवस: सकाळी टोसिंगे प्लास, दुपारी एंगहेवेपार्कन. दोन्हीकडे तिकीट नाही. आई म्हणाली, ती बाकड्यावर बसेल, तुम्ही काय ती गटारं बघा.

तर तुमच्यासाठी या वेळच्या टिप्सचं सार. शहर एकच घ्या. पासपोर्टवरची नावं आत्ताच तपासा. पासचे तास मोजा. पेढे नेऊ नका. आणि तारीख ठरवताना फक्त तिथलं हवामान बघू नका, घरचंही बघा. जिथे जीव अडकलेला असतो ते गाव सोबत नेता येत नाही. ते सुखरूप असेल अशा दिवसांत निघावं.

आमची विमानाची तिकिटं परवा काढली. बाबांनी प्रिंट-आउट मागून घेतली, घडी केली आणि जुन्या ड्यूटीच्या बॅगेत ठेवली. मग कौलांसाठी माणूस सांगायला गेले.